अनेक कुटुंबांची इमारत आणि नगररचनेचे नियम

स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर किती मजले चढवावेत, शेजारच्या हद्दीपासून भिंत किती अंतरावर ठेवावी, तळमजल्यावर दुकान काढावे की न काढावे, हे नगरपालिकेने का ठरवावे, असा प्रश्न नागरिकांकडून वारंवार विचारला जातो. प्रश्न अगदीच गैर आहे असे नाही. नियमांची पुस्तके जाडजूड असतात, त्यांची भाषा क्लिष्ट असते आणि परवानगीसाठी घालावे लागणारे हेलपाटे सर्वांच्या परिचयाचे आहेत. परिणामी, नियम म्हणजे केवळ अडवणूक, अशी समजूत पसरते. प्रस्तुत लेखात या नियमांपैकी एकाच भागाचा, म्हणजे जेथे एका छपराखाली अनेक कुटुंबे राहतात अशा वस्त्यांसाठी केलेल्या नियमांचा हेतू समजावून घ्यावयाचा आहे.

एका कुटुंबाच्या घराची गोष्ट वेगळी असते. तेथे बांधणारा आणि राहणारा बहुधा एकच असतो. खोलीत उजेड नसला तर त्याचा त्रास त्यालाच होणार असतो, म्हणून तो खिडकी ठेवतो. अनेक कुटुंबांच्या इमारतीत मात्र बांधणारा एक, विकत घेणारा दुसरा आणि पुष्कळदा प्रत्यक्ष राहणारा भाडेकरू तिसराच असतो. बांधणाऱ्याच्या हिशेबात प्रत्येक मोकळा हात ही गमावलेली जागा असते. पहिल्या मजल्यावरच्या मागील खोलीत जे कुटुंब उद्या राहावयास येणार आहे, ते नकाशा काढतेवेळी तेथे हजर नसते. त्या गैरहजर कुटुंबाच्या वतीने बोलणारा कोणी तरी हवा. विभागाचे व इमारतीचे नियम हे काम करतात.

प्लेगने शिकविलेला धडा

आपल्याकडे हा विचार ग्रंथांतून आला नाही, साथीतून आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या प्लेगचा रोगी आढळला आणि थोड्याच महिन्यांत शहराचा निम्मा व्यवहार ठप्प झाला. गिरण्या आणि गोदी यांच्या आधाराने वाढलेल्या या शहरात कामगारांसाठी चाळी उठल्या होत्या. समोर कठड्याची गॅलरी, तिला लागून खोल्यांची रांग, मागे दुसरी रांग, आणि दोन चाळींच्या मध्ये पाऊल मावेल न मावेल इतकी घरगल्ली, असे त्यांतील अनेकींचे स्वरूप होते. ही घरगल्ली म्हणजे सांडपाण्याची व केरकचऱ्याची वाट होती. खिडकी असलीच तर ती तिच्यावरच उघडे. कित्येक खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागे.

या अनुभवानंतर १८९८ मध्ये कायद्याने मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना करण्यात आली. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढून समुद्रावरचा वारा आत खेळवावा हा त्यामागील एक उद्देश होता. आजचा शामलदास गांधी मार्ग, म्हणजे पूर्वीची प्रिन्सेस स्ट्रीट, आणि सँडहर्स्ट रोड हे याच ट्रस्टने काढले. पुढे दादर, माटुंगा व वडाळा येथील आखीव वसाहतीही त्याच्याच कामातून उभ्या राहिल्या.

या ट्रस्टने रूढ केलेला एक नियम शाळेत भूमिती शिकविणाऱ्या शिक्षकांना विशेष आवडावा असा आहे. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जाई. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली तर तिने जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करू नये, एवढाच तो नियम. या कोनाचे स्पर्शगुणोत्तर जवळजवळ बरोबर दोन येते. म्हणजेच समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असता कामा नये. मधली जागा ३ मीटर असेल तर इमारत ६ मीटरची, म्हणजे दुमजली. २१ मीटर उंचीची, सात मजली इमारत बांधावयाची असेल तर मध्ये साडेदहा मीटर सोडावे लागतील. दोरी आणि कोनमापक घेऊन कोणाही ओव्हरसीयरला तपासता येईल इतका हा नियम साधा होता. वरच्या मजल्याला उजेड मिळतोच. हा नियम सर्वांत खालच्या खोलीवरून मोजला जात असे, यातच त्याचे मर्म आहे.

ट्रस्टच्या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जितकी घरे पाडली गेली तितकी त्याच भाड्याची नवी घरे वेळेवर उभी राहिली नाहीत. त्यामुळे पाडलेल्या चाळींतील बिऱ्हाडे शेजारच्या गल्लीत अधिक दाटीने राहू लागली. १९१४ मध्ये भारतात आलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात अध्यापन केलेले पॅट्रिक गेडिस यांनी अशा सरसकट पाडापाडीवर टीका केली. वस्तीचा अभ्यास करून, आवश्यक तेवढीच शस्त्रक्रिया करावी, असा त्यांचा आग्रह होता. नियमाचा हेतू चांगला असूनही घर मात्र हिरावले जाते, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे आणि तो आजही नगररचनेची पाठ सोडीत नाही.

विभाग कशासाठी

१९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने आखीव वाढीची सुरुवात झाली. १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना विकास योजना तयार करणे बंधनकारक केले आणि १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आज आपल्या सर्व नियोजनाचा पाया आहे. विकास योजनेच्या नकाशावर निवासी विभाग पिवळ्या रंगात दाखविला जातो. वाणिज्य, औद्योगिक, हरित व सार्वजनिक उपयोगाचे विभाग वेगळ्या रंगांत. नकाशा जमिनीचा वापर सांगतो, आणि त्या वापराच्या मर्यादा सोबतची विकास नियंत्रण नियमावली सांगते. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही.

निवासी विभाग म्हणजे निव्वळ घरे असा आपल्याकडे कधीच अर्थ नव्हता. किराणा दुकान, दवाखाना, बालवाडी, शिंप्याचे काम, दळणाची गिरणी यांवाचून चाळीचे वा सोसायटीचे एक दिवसही चालत नाही. म्हणून मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत निवासी विभागाचे दोन प्रकार करण्यात आले. एकात घरांना प्राधान्य आणि घरगुती स्वरूपाच्या मोजक्या व्यवसायांना वाव, दुसऱ्यात रस्त्यालगत दुकानांची ओळ व इतर सेवांना परवानगी. जो व्यवसाय चालेल त्यावरही यंत्राची शक्ती, जागा व कामगारांची संख्या यांच्या मर्यादा असतात. गिरणी हवी, पण तिच्या धडधडीने वरच्या मजल्यावरील आजारी माणसाची झोप उडू नये, एवढाच त्यामागील अर्थ. व्यवसायाला किती मोकळीक द्यावयाची हे पुष्कळसे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते, कारण दुकानापुढे थांबणारी हातगाडी आणि मालाचा टेंपो यांना जागा रस्त्यावरच लागते.

रस्त्याइतकाच पाण्याचा हिशेब महत्त्वाचा आहे. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हा शहरी पुरवठ्याचा प्रचलित निकष धरू. एका भूखंडावर पाच माणसांचे एक घर असेल तर दिवसाला ६७५ लिटर पाणी पुरते. त्याच भूखंडावर चाळीस सदनिकांची इमारत उभी राहिली तर माणसे होतात दोनशे आणि पाणी लागते २७,००० लिटर. यांपैकी सुमारे आठ दशांश, म्हणजे साडेएकवीस हजार लिटरहून अधिक, सांडपाण्याच्या रूपाने परत गटारात यावयाचे असते. जमीन तेवढीच आहे, रस्त्याखालची नळवाहिनी मात्र चाळीसपट कामाला पुरली पाहिजे. अनेक कुटुंबांच्या इमारती कोणत्या विभागात व किती दाट असाव्यात हे आधी ठरले असेल, तरच अभियंत्याला योग्य व्यासाची वाहिनी आधी टाकता येते. शाळेच्या आणि मैदानाच्या आरक्षणाचाही हिशेब असाच लागतो.

निर्देशांक आणि अंतर

चटई क्षेत्र निर्देशांक हा शब्द आज गावोगावी ऐकू येतो. मुंबईत त्याचा वापर १९६४ पासून सुरू झाला. भूखंडाच्या क्षेत्राशी सर्व मजल्यांच्या एकत्रित बांधकामाचे जे प्रमाण, तो निर्देशांक. १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल तर एकूण १,००० चौरस मीटर बांधता येते. ते एकाच मजल्यावर पसरावे की २५० चौरस मीटरचे चार मजले करावेत, हे निर्देशांक सांगत नाही. ते काम सामासिक अंतराचे, म्हणजे इमारतीभोवती सोडावयाच्या मोकळ्या जागेचे नियम करतात. १९९१ च्या मुंबईच्या नियमावलीत निर्देशांक सर्वसाधारणपणे शहरात १.३३ आणि उपनगरांत १ होता. एवढ्या मोठ्या शहरात तो इतका कमी ठेवल्याने घरे दुर्मिळ व महाग झाली, ही अनेक अर्थशास्त्रज्ञांची टीका आहे आणि तिच्यात तथ्य आहे. त्यानंतर विकास हक्कांचे हस्तांतरण, अधिमूल्य भरून मिळणारे वाढीव क्षेत्र, जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी सवलती अशा वाटांनी प्रत्यक्ष बांधकाम मूळ आकड्याच्या कितीतरी पुढे गेले.

तथापि, या वादात एक गल्लत सतत होते. निर्देशांक वाढविणे आणि इमारतींमधील अंतर घटविणे या दोन गोष्टी एक नव्हेत. उंच इमारत पुरेशा अंतरावर उभी करून दाट वस्तीलाही उजेड देता येतो. उलट, बेताच्या उंचीच्या इमारतीही एकमेकींना खेटून बांधल्या तर त्या काळोख्या होतात.

याचे ताजे आणि दुःखद उदाहरण मुंबईच्या पूर्व उपनगरांत आहे. रेल्वे व रस्ते यांच्या प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी मानखुर्द-गोवंडी परिसरात लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या वसाहती बांधण्यात आल्या. कमी जमिनीत अधिक कुटुंबांना पक्के घर मिळावे म्हणून अंतराच्या नियमांत सवलती देण्यात आल्या होत्या. सवलतींमागील हेतू उघड होता आणि सहानुभूतीचाच होता. परंतु सात-आठ मजली इमारतींमध्ये काही ठिकाणी केवळ सुमारे ३ मीटर अंतर उरले. साडेत्रेसष्ट अंशांच्या जुन्या मापाने पाहिले तर एवढ्या अंतराला दुमजली इमारत शोभते. सात मजल्यांना तो कोन ऐंशी अंशांच्याही पुढे जातो. खालच्या मजल्यावरून आकाशाची एक चीर तेवढी दिसते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण फार मोठे आढळले. जवळच्याच पी. एम. जी. कॉलनीत, जेथे इमारती तुलनेने मोकळ्या आहेत, ते बरेच कमी होते. खालच्या मजल्यांवरील रहिवाशांना, म्हणजे जेथे ऊन व वारा सर्वांत कमी पोहोचतो तेथील कुटुंबांना, धोका अधिक असल्याचे त्यातून पुढे आले. प्लेगच्या वेळी जो हिशेब करण्यात आला होता तोच एकशे वीस वर्षांनी पुन्हा मांडावा लागला, आणि तोही गरिबांसाठी म्हणून बांधलेल्या घरांत.

मोकळ्या जागेबाबतही असाच प्रश्न न्यायालयापुढे आला होता. मोठ्या भूखंडावर रहिवाशांसाठी सोडावयाचे मनोरंजन मैदान वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, दाखविण्याची प्रथा मुंबईत पडली होती. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महानगरपालिकेच्या एका प्रकरणात, नियमाने आवश्यक असलेली मोकळी जागा जमिनीवरच दिली पाहिजे, असा निर्णय दिला. जमिनीवरच्या मोकळ्या जागेत झाड रुजते, पावसाचे पाणी मुरते आणि अडचणीच्या वेळी अग्निशामक दलाचा बंब उभा राहू शकतो. छतावरच्या हिरवळीला यांपैकी काहीच साधत नाही.

नियमाचा गैरवापर

विभागाच्या नियमांची सर्वांत जास्त चर्चा ज्या देशात झाली त्या अमेरिकेचा अनुभव येथे सावधगिरीसाठी पाहण्याजोगा आहे. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये संपूर्ण शहराला लागू होणारे विभाग-नियम केले. उंच इमारतींनी रस्त्यावरचा उजेड अडवू नये, हा त्यामागील एक मोठा हेतू होता. येथवर त्यांचा आणि आपला मार्ग एकच दिसतो. पुढे मात्र फाटा फुटला. ओहायो राज्यातील युक्लिड या गावाच्या नियमांबद्दल १९२६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात स्वतंत्र घरांच्या विभागात अनेक कुटुंबांच्या इमारतींना मज्जाव करणे वैध ठरविण्यात आले. बंगल्यांनी निर्माण केलेल्या मोकळ्या वातावरणावर जगणारे बांडगूळ, अशा आशयाचे वर्णन त्या इमारतींच्या वाट्याला आले. त्यानंतर असंख्य शहरांनी आपली बहुतांश निवासी जमीन एका कुटुंबाच्या घरासाठी राखून ठेवली. भाड्याच्या छोट्या घरात राहणाऱ्यांना, आणि व्यवहारात गरीब व कृष्णवर्णीय कुटुंबांना, दूर ठेवण्याचे ते साधन बनले. अलीकडे हे बदलू लागले आहे. मिनिआपोलिस शहराने २०१८ मध्ये आणि ओरेगॉन राज्याने २०१९ मध्ये अशा विभागांतही एकाहून अधिक कुटुंबांच्या घरांना वाट मोकळी करून दिली.

महाराष्ट्रातील नियमांनी सदनिकांच्या इमारतीला निवासी विभागातून बहुतांशी हद्दपार केले नाही, ही समाधानाची गोष्ट होय. आपल्याकडे बंधन येते ते रस्त्याची रुंदी, निर्देशांक आणि अंतर यांच्या वाटेने. पण वृत्ती काही समुद्रापलीकडेच असते असे नाही. शेजारी अल्प उत्पन्न गटाची घरे येणार असे कळताच वाहतुकीचा वा पाण्याचा मुद्दा पुढे करून हरकती येऊ लागतात, हे अनेक अधिकाऱ्यांनी पाहिले असेल. अशा हरकतीची परीक्षा अवघड नसते. हरकत घेणारा रुंद वाहिनी मागतो आहे की दूरचा शेजारी मागतो आहे, हे विचारावे. पहिली मागणी मान्य करण्यासारखी आहे.

गावांच्या वेशीपर्यंत

हा विषय केवळ महानगरांचा आहे असे ग्रामपंचायत सदस्यांनी समजू नये. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने मंजूर केलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर लागू आहे, आणि प्रादेशिक योजनांतील गावेही तिच्या कक्षेत येतात. तत्पूर्वी निरनिराळ्या शहरांचे निरनिराळे नियम होते. एकाच प्रकारच्या इमारतीला नाशिकमध्ये एक अंतर आणि सोलापुरात दुसरे, असा प्रकार होता. नव्या नियमावलीत रस्ता जितका रुंद तितका अनुज्ञेय निर्देशांक अधिक, हे सूत्र आहे. भूखंड ४,००० चौरस मीटर वा त्याहून मोठा असेल तर १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते.

पुण्याभोवतीच्या गावांनी काय अनुभवले ते येथे आठवावे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, मांजरी बुद्रुक ही त्यांपैकी काही. समावेशापूर्वीच तेथे शेकडो सदनिकांच्या सोसायट्या उभ्या होत्या, आणि गावाची पाणीयोजना मात्र गावठाणाच्या लोकसंख्येला पुरेल एवढीच होती. वर्षाचे कित्येक महिने टँकर हीच नळयोजना झाली. शेतातून जाणारा बैलगाडीचा रस्ता तसाच राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा मजले चढले. रस्ता नंतर रुंद करावयाचा तर त्यासाठी लागणारी जमीन आता इमारतींच्या फाटकांत अडकलेली असते, आणि तिचा मोबदला शेतजमिनीच्या भावाने मिळत नाही.

म्हणून प्रादेशिक वा विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो ती वेळ सर्वांत मोलाची असते. १९६६ च्या अधिनियमानुसार मसुद्यावर नागरिकांना ठराविक मुदतीत हरकती व सूचना देता येतात. ग्रामसभेत हा नकाशा भिंतीवर लावून प्रत्येकाने आपला गट क्रमांक शोधावा. पिवळा रंग कोठपर्यंत आला आहे, त्यातून जाणारे रस्ते किती रुंद दाखविले आहेत, शाळा, मैदान व पाण्याच्या टाकीसाठी आरक्षण ठेवले आहे काय, हे पाहावे. शाळेतील शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून नकाशावर अंतरे मोजून घेतली तर भूगोलाचाही पाठ होईल.

आरक्षण पडले की आपली जमीन गेली, या भीतीने पुष्कळदा मैदान आणि रस्ता यांच्याविरुद्धच हरकती जातात, आणि पिवळा रंग वाढवून मागितला जातो. जमीनमालकाची काळजी समजण्याजोगी आहे. त्याला रोख मोबदला वा विकास हक्क मिळण्याची तरतूद आहे आणि ती त्याला नीट समजावून सांगणे हे अधिकाऱ्याचे काम आहे. पण मैदान वगळलेल्या पिवळ्या पट्ट्यात उद्या दोन हजार माणसे राहावयास येतात, तेव्हा ती मुले कोठे खेळणार हा प्रश्न त्याच ग्रामपंचायतीच्या दारी येतो.

बांधकाम सुरू झाल्यावर पाहावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. मंजूर नकाशाची प्रत मागावी. महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पाची माहिती त्यांच्या संकेतस्थळावरही मिळते. जोत्यापर्यंत काम आले की हद्दीपासूनचे अंतर मोजता येते, कारण त्यानंतर चूक सुधारणे जवळजवळ अशक्य होते. उंच इमारतीभोवती अग्निशामक गाडी फिरेल एवढी, म्हणजे सर्वसाधारणपणे ६ मीटरची वाट मोकळी आहे की तेथे वाहने उभी करण्याचे पट्टे आखले आहेत, हे नजरेनेही कळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज कुटुंबांनी राहावयास जाऊ नये. ते नसताना दिलेल्या नळजोडणीवरून पुढे वर्षानुवर्षे तक्रारी चालतात.

मसुद्यावरील हरकत लेखी द्यावी, तीत गट क्रमांक, नकाशावरील ठिकाण व हवा असलेला बदल स्पष्ट लिहावा आणि पोच घ्यावी. ज्यांना आपले म्हणणे समक्ष मांडावयाचे असेल त्यांनी तसे अर्जातच नमूद करावे, म्हणजे नियोजन समितीच्या सुनावणीची तारीख त्यांना कळविली जाते.